लहान खोली रिकामी दाखवू नये

घर विकायचं ठरलं की पहिला सल्ला ठरलेला असतो. सामान हलवा, भिंतींना रंग द्या, फरशी घासून घ्या आणि घर रिकामं करून दाखवा. एजंट हेच सांगतो, शेजारी हेच सांगतो, रंगारीही हेच सांगतो. कारण सगळ्यांना पाठ आहे: रिकामी खोली मोठी दिसते. खोली जितकी लहान तितका हा सल्ला ठासून दिला जातो, कारण दहा बाय आठच्या खोलीत खाट टाकली की उरलं काय, असं प्रत्येकाला वाटतं. हे मत इतकं सर्वमान्य झालं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. माझ्या मते ते चूक आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड घेणाऱ्याला बसतो तसाच विकणाऱ्यालाही बसतो.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. दुबळा करून पाडलेला पक्ष पडला असं म्हणता येत नाही. रिकाम्या खोलीच्या कैवाऱ्यांचं म्हणणं असं, की फरशी जितकी मोकळी तितकी जागा डोळ्यात भरते. घेणाऱ्याला आपल्या मनातलं घर बघायचं असतं. दुसऱ्याच्या खाटाकपाटांत त्याचं मन अडखळतं. शिवाय घर मांडून दाखवणं ही फसवणुकीची सुरुवात आहे, आणि शहरातल्या सॅम्पल फ्लॅटांनी काय केलं ते लोकांनी पाहिलेलं आहे. शेवटचा मुद्दा गावाकडचा आणि सगळ्यांत वजनदार: इथे माणूस खोली बघून घर घेत नाही. तो रस्ता बघतो, पाणी बघतो, उतारा बघतो. या सगळ्यात तथ्याचा अंश आहे. पण त्यातून 'म्हणून खोली रिकामी ठेवा' हा निष्कर्ष निघत नाही.

हे मी अवसरी खुर्द डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण तिथे लहान खोलीचा प्रश्न पुस्तकी नाही. पुणे-नाशिक महामार्गावरच्या अवसरी घाटाला ज्याचं नाव आहे ते हे आंबेगाव तालुक्यातलं, मंचरजवळचं गाव. २००९ साली तिथे शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय सुरू झालं; शासकीय तंत्रनिकेतनही तिथेच आहे. सरकारी महाविद्यालय म्हणजे बदलीवर येणारे-जाणारे प्राध्यापक, कर्मचारी, बाहेरगावचे विद्यार्थी. दुसरीकडे गावातल्या घराघरांतून कुणी ना कुणी मुंबईला, पुण्याला, चाकणला गेलेलं, भावाभावांत वाटण्या झालेल्या. त्यामुळे या पट्ट्यात दोन तऱ्हेची घरं रिकामी होतात. एक गावठाणातली जुनी. दुसरी अलीकडच्या काळातली सिमेंटची, ज्यांत हॉल ठीक असतो, स्वयंपाकघर बरं असतं, आणि एक खोली अशी असते की ती दाखवताना मालक दारातूनच म्हणतो, 'आणि ही एक छोटी खोली.' घेणारा डोकावतो. चार भिंती, एक खिडकी, पंख्याचा हूक. 'हिचं काय करता येईल हो?' 'काहीही करा की, तुमचीच आहे.' बोलणं तिथे थोडं थंडावतं, आणि पुष्कळदा पुन्हा तापत नाही.

आता पहिला मुद्दा घेऊ: रिकामी खोली मोठी दिसते. डोळा काही फुटांत मोजत नाही. तो ओळखीच्या वस्तूशी ताडून बघतो. खाटेला किती जागा लागते हे शरीराला ठाऊक असतं, ऐंशी चौरस फूट म्हणजे किती हे ठाऊक नसतं. ताडून बघायला वस्तूच नसेल तर अंदाज दोन्ही बाजूंना चुकतो. कुणाला वाटतं इथे खाटसुद्धा मावणार नाही, आणि ती सहज मावत असते. कुणाला वाटतं डबल बेड, कपाट, टेबल सगळं बसेल, आणि मग सामानाचा टेम्पो दारात उभा असताना डोक्याला हात लावायची वेळ येते. पहिला माणूस घर न घेता जातो, दुसरा घेऊन पस्तावतो.

उदाहरण आकड्यांनीच घेतलेलं बरं. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर सांगितले आहेत. दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ चौरस मीटरपर्यंत लहान चालते, रुंदी मात्र २.१ मीटरपेक्षा कमी नको. साडेसात चौरस मीटर म्हणजे साधारण एक्क्याऐंशी चौरस फूट. म्हणजे आपली दहा बाय आठची खोली ही जवळपास संहितेतली सर्वांत लहान खोली. तिच्यात दहा फुटी भिंतीला लावून सव्वासहा बाय तीनची एकेरी खाट टाका. रुंदीतले पाच फूट उरले. समोरच्या भिंतीला नेहमीचं लोखंडी कपाट ठेवा, कपाटाची खोली साधारण एकोणीस इंच, म्हणजे एक फूट सात इंच. खाट आणि कपाट यांमध्ये तीन फूट पाच इंचांची वाट राहते. कपाटाचं एकेक दार दीड फुटाचं. ते पूर्ण उघडतं आणि त्यापुढे माणूस उभाही राहतो. खाटेच्या पायथ्याशी पावणेचार फूट भिंत शिल्लक आहे, तिथे तीन फुटी टेबल लागतं. एका माणसाची झोपायची, अभ्यासाची, कपड्यांची सोय झाली.

त्याच जागी आता पाच फुटी डबल बेड टाकून बघा. रुंदीतले तीन फूट उरतात, कपाट ठेवल्यावर वाट राहते एक फूट पाच इंचांची. दीड फुटाचं दार पलंगाला अडतं. पायथ्याला मात्र पावणेचार फूट मिळतात आणि कपाट तिकडच्या आठ फुटी भिंतीला नेता येतं. पण खोलीचं दार त्याच भिंतीत असेल, आणि लहान खोल्यांत ते पुष्कळदा तिथेच असतं, तर तोही मार्ग बंद. तीच खोली एका माणसाला पुरेशी आणि दोघांना जाचक आहे, हे सत्य रिकाम्या फरशीवर कुठेच लिहिलेलं नसतं. चौरस फुटांचा आकडाही ते सांगत नाही, कारण दहा बाय आठ आणि साडेअकरा बाय सात या दोन्ही खोल्या ऐंशीच्याच आसपास भरतात, पण त्यांत राहणं सारखं नाही. रेरा कायद्यानं चटईक्षेत्राची व्याख्या करून मोठं काम केलं: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी, उघडी गच्ची वगळून आतल्या विभाजक भिंतींसह जे वापरता येतं ते. त्यामुळे किती जागेचे पैसे देतो आहोत हे कळू लागलं. त्या जागेत कपाटाचं दार उघडेल का, हे मात्र कपाट ठेवल्याशिवाय कळत नाही.

मोबाइलच्या फोटोंनी हा घोटाळा वाढवला आहे. रुंद कोनाच्या भिंगातून रिकामी खोली टिपली की कडेच्या भिंती ताणल्या जातात आणि दहा फूट पंधरासारखे दिसतात; मध्ये ओळखीची वस्तू नसल्यानं बघणाऱ्याला ते ताणणं पकडता येत नाही. पुण्याहून माणूस तो फोटो बघून साठ किलोमीटर येतो, खोलीच्या दारात उभा राहतो, आणि घर वाईट नसतानाही त्याला फसल्यासारखं वाटतं. त्या क्षणी मालकाच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास उडतो. संगणकावर फोटोत खाट-टेबल चिकटवण्याची जी नवी पद्धत आली आहे ती तर याहून वाईट, कारण तिथे खाटेचं माप चित्र करणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

दुसरा मुद्दा होता तो घेणाऱ्याच्या कल्पनेचा. मोकळ्या भिंतींत त्याचं मन मोकळं फिरतं म्हणे. अनुभव उलट सांगतो. बघण्यासारखं दुसरं काही नसलं की नजर भिंतीतल्या केसाएवढ्या भेगेवर जाते, खिडकीखालच्या ओलीच्या डागावर जाते, जुन्या कपाटामागे राहिलेल्या वेगळ्या रंगाच्या चौकोनावर जाते. बोललं की घुमतं. बंद घराचा कुबट वास असतोच. रिकामं घर खायला उठतं असं आपण म्हणतो, आणि घर बघायला आलेल्या कुटुंबाला त्याच घरात स्वप्न रंगवायला सांगतो! दोष दडवावेत असं मी मुळीच म्हणत नाही. ओल असेल तर ती आधी दुरुस्त करावी आणि दुरुस्त केल्याचं सांगावं. पण मामुली डागानं राहण्यायोग्य खोलीचा निकाल लागू नये.

इथे एक प्रामाणिक भेद केला पाहिजे. गावठाणातलं जुनं घर रिकामं दाखवलं तरी निभतं. कोनाड्यात दिवा कुठे लागायचा ते काजळीवरून दिसतं. खुंटी आहे, फडताळ आहे, जमिनीत पुरलेलं उखळ आहे, न्हाणीचा दगड आहे. माजघर अंधारं आणि लहान असलं तरी ते कशासाठी आहे हे विचारावं लागत नाही. बांधणाऱ्यानं वापर भिंतीतच घालून ठेवला आहे. याच मुलखात त्याचं फार जुनं उदाहरण आहे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्रीला, तुळजाला, मानमोडीला, शिवनेरीच्या कड्यांत, इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून विहार कोरले गेले. भिक्षूंच्या खोल्या अगदी लहान, आणि त्यांतल्या कित्येकींत एका बाजूला दगडातच बाक कोरलेला. शतकानुशतकं त्या रिकाम्या आहेत. तरी आत पाऊल टाकलं की कळतं, माणूस इथे आडवा होई, पाय तिकडे, उठून उभं राहायला एवढी जागा. लहान असण्याची कुणी लाज बाळगलेली नाही आणि खोली मोठी भासवण्याचा प्रयत्नही नाही. खोलीबरोबर तिचा उपयोगही कोरून दिलेला आहे.

आधुनिक जगात हेच ज्यानं फार विचारपूर्वक केलं त्याचं उदाहरण वास्तुकार ल कार्बूझिए. १९५२ साली त्यानं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली, ३.६६ मीटर लांब, तेवढीच रुंद, उंची २.२६ मीटर. क्षेत्र एकशे चव्वेचाळीस चौरस फूट, म्हणजे मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीहूनही कमी. तो सुट्टीला येणारा माणूस होता आणि चाळीतल्या खोलीत अख्खी कुटुंबं आयुष्य काढत होती, तेव्हा ही तुलना जागेच्या न्यायाची नाही, मांडणीची आहे. त्याच्या खोलीतून पलंग, टेबल आणि कपाटं काढून टाका, मागे एक लाकडी खोका उरेल आणि त्यात काय विशेष ते कुणालाच समजणार नाही. आपल्या सिमेंटच्या घरांतली छोटी खोली असा खोका म्हणूनच जन्माला येते. तिला कोनाडा नाही, खुंटी नाही, बाक नाही. जुन्या घराच्या भिंती जे आपसूक सांगत होत्या ते इथे सामानालाच सांगावं लागतं. 'रिकामं दाखवा' हा सल्ला जुन्या घरांपुरता खपून जात होता. तो तसाच उचलून या खोल्यांना लावला गेला.

फसवणुकीचा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. शहरी सॅम्पल फ्लॅटमध्ये चार फुटी पलंग डबल बेड म्हणून मांडलेला असतो, कपाटाच्या जागी आरसा असतो, आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नसतात, भिंतीऐवजी काच असते. माणूस आत शिरून खूश होतो आणि ताबा मिळाल्यावर त्याचा पलंग खोलीत जात नाही. कायदा करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, २०१६, याच्या कलम १२ मध्ये जाहिरात आणि माहितीपुस्तिकेबरोबर नमुना सदनिकेचा स्पष्ट उल्लेख आहे: तिच्यातल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचं नुकसान झालं तर विकासकानं भरपाई द्यायची, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत करायची. पण यात गुन्हा कशाचा? मांडण्याचा नाही. खोट्या मापाचा. चार फुटी पलंगाच्या जागी सव्वासहा बाय पाचचा खरा पलंग ठेवला, दार बसवलं, कपाट खऱ्या मापाचं ठेवलं, की तीच मांडणी ग्राहकाच्या बाजूची साक्षीदार होते. रिकामी खोली मात्र काहीच कबूल करत नाही. तिच्यावर खोटं बोलल्याचा आरोप ठेवता येत नाही एवढ्यावरून ती खरी बोलते असं होत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे तत्त्व बाजारात चालतं, पण ते प्रामाणिकपणाचं तत्त्व म्हणून मिरवू नये.

कलम १२ चा आधार सगळ्यांना मिळत नाही, हेही इथेच सांगायला हवं. पाचशे चौरस मीटरच्या आतल्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि एका मालकानं दुसऱ्याला जुनं घर विकणं हा या कायद्याचा विषयच नाही. अवसरी-मंचर भागातले पुष्कळ व्यवहार असेच असतात. तिथे खरं माप दाखवणं विकणाऱ्याच्या सचोटीवर उरतं.

आता मांडून दाखवण्याच्या कैवाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकवायची आहे, कारण ते फार मोठं आश्वासन देतात. घर सजवा, भाव वाढेल. अमेरिकेत हा मोठा धंदा आहे. तिथल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सच्या २०२३ च्या पाहणीत खरेदीदारांच्या एजंटांपैकी ८१ टक्क्यांनी सांगितलं की मांडलेलं घर ग्राहकाला आपलं म्हणून कल्पिणं सोपं जातं. पण हे मत एजंटांचं आहे, ग्राहकांचं नव्हे, आणि ज्याचा धंदा त्यावर चालतो त्याची साक्ष थोडी जपूनच घ्यावी. २०१५ मध्ये जर्नल ऑफ हाउसिंग रिसर्चमध्ये लेन आणि सायलर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भिंतीचा रंग आणि सामानाचा दर्जा बदलून लोकांना घर दाखवलं गेलं. घराबद्दलचं मत त्यानं बदललं, लोक देऊ करत असलेली किंमत मात्र बदलली नाही. मला हा निकाल पटतो. सोफ्यानं भाव वाढतो अशी आशा कुणी धरू नये. खोली मांडण्याचं फळ भावात नाही. घेणारा दारातून परत न फिरता आत येतो, विचारतो, ठरवतो, यात ते आहे.

गावच्या आक्षेपाबद्दल. रस्ता, पाणी आणि कागद आधी, हे मान्य. उतारा साफ नसेल तर राजवाडाही कुणी घेऊ नये. पण ते तीन बरोबर असलेली घरं एकाहून जास्त असतात, आणि त्यांतलं कोणतं, हे कोण ठरवतं? कागद वडीलधारे वाचतात. सकाळी पोरांचे डबे, आजीची खाट आणि धुण्याची बादली कुठे जाणार हे ज्या बाईला सांभाळायचं आहे ती खोल्या वाचते. तिचा होकार आता नुसता घरातला राहिलेला नाही. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, आणि खरेदीखतावर बायकांची नावं येऊ लागली आहेत. तिला 'काहीही करा की' असं सांगून भागत नाही. महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंच्या काळापासून या तालुक्याची माणसं मुंबईच्या गिरण्यांत जात आली, चाळीच्या खोलीत राहत आली. लहान जागेत घर कसं बसवायचं याचं ज्ञान इथल्या आज्यांकडे आहे. त्या लहान खोलीला घाबरत नाहीत, मुक्या खोलीला घाबरतात.

करायचं काय, ते सोपं आहे आणि फुकटातलं आहे. घर सोडताना सगळं सामान पुण्याला नेऊ नये. छोट्या खोलीसाठी एक खाट, एक कपाट, एक टेबल-खुर्ची घर विकेपर्यंत मागे ठेवावी. मंडपवाल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत. त्या खोलीला तात्पुरती करतात. उपयोग एकच ठरवावा. अवसरीत तो बहुधा शिकणाऱ्या मुलाची किंवा एकट्या राहणाऱ्या शिक्षकाची खोली हाच असेल. घरात म्हातारं माणूस असेल तर आजीची खोली, पण मग खाटेपासून मोरीपर्यंतची वाट मोकळी दिसली पाहिजे. उशी उत्तरेकडे नको, इतका मान लोकांच्या समजुतीला द्यावा. खाटेवर धुतलेली चादर, टेबलावर दिवा, खिडकी उघडी. देव, फोटो, औषधांच्या बाटल्या, म्हणजे ज्यात मालकाचं आयुष्य दिसतं ते सगळं न्यावं. रिकाम्या खोलीच्या कैवाऱ्यांचा कल्पनेचा मुद्दा इथे मला मान्य आहे. आणि दाराच्या मागे एका कागदावर खोलीचं, खाटेचं, कपाटाचं माप फूट-इंचांत लिहून लावावं. सॅम्पल फ्लॅटमधल्या प्रत्येक वस्तूवर असं माप लिहिणं महारेरानं सक्तीचं करावं, अशी माझी मागणी आहे; त्याला खर्च काहीच येत नाही.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो विकणाऱ्याचा. इतकं खरं दाखवलं तर डबल बेडवाला नको म्हणून निघून जाईल त्याचं काय? जाईल. तो रिकामी खोली बघून विसार देऊन गेला असता, मग बायकोला आणि सुताराला घेऊन मोजपट्टीसह परत आला असता, आणि विसार परत मागितला असता. तोवर दोन महिने गेले असते, आणि एकट्यासाठी खोली शोधणारा नवा प्राध्यापक मंचरला दुसरं घर घेऊन मोकळा झाला असता.